दसऱ्याचं बारसं

संगणकाच्या डोक्यावर झेंडूची माळ होती.

शुभंकरला न्हाऊ घालून, पंच्यात गुंडाळून पूर्णिमा बाहेर आली आणि हॉललगतच्या छोट्या खोलीच्या दारातच थबकली. माळ नुसती डोक्यावर नव्हती, पडद्यावरून खाली लोंबत होती. कीबोर्डावर हळदकुंकवाची बोटं उमटली होती, हेडफोनच्या दोन वाट्यांमध्ये आपट्याचं पान खोचलं होतं आणि भिंतीतला प्लग काढून, वायरीची नीट घडी घालून, तिलाही कुंकू लावलेलं होतं.

सुशीलाबाई दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून स्वतःचीच कलाकुसर न्याहाळत होत्या.

"छान दिसतंय ना? आता संध्याकाळपर्यंत हात लावू नको हं. आज शस्त्रांना विश्रांती."

"आई, माझी एक फाईल राहिलीय."

"राहू दे की माय. सणाच्या दिवशी कोण काम करतं?"

अमेरिकेत दसरा नसतो, हे पूर्णिमाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सासूबाईंच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद होता की तिनं ते गिळलं. तिनं घड्याळाकडे पाहिलं. सव्वानऊ.

पहाटे उठून तिनं दोन फाईली संपवल्या होत्या. तिकडच्या इस्पितळांतले डॉक्टर दिवसभरात तपासलेल्या रोग्यांची हकिकत टेपवर बोलून ठेवायचे, ती रात्रीतून पुण्यात यायची आणि पूर्णिमासारख्या मुली ती ऐकून टाईप करायच्या. तिसरी फाईल कुणा बाईच्या गुडघ्याची होती. वीस मिनिटांचं बोलणं, म्हणजे टाईप करायला निदान दीड तास. आणि ती एकच्या आत जायला हवी होती. हे काम देणाऱ्या नीरजा मॅडमनी गुरुवारी फोनवर आवाज न चढवता सांगितलं होतं, "पूर्णिमा, शनिवारच्या तिन्ही फाईली एकच्या आत आणि बिनचूक. नाहीतर सोमवारपासून मी तुला काम देऊ शकणार नाही." आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. शांतपणे बोलणारी माणसं बोलतात तसं करतात.

त्याला कारणही तसंच घडलं होतं. मंगळवारच्या फाईलमधली एक ओळ पूर्णिमाच्या हातून सुटली होती. साधीसुधी नव्हे; रोग्याला पेनिसिलिन चालत नाही, ही. मॅडमकडे फाईली तपासणाऱ्या मुलीच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. पण त्या दिवसापासून पूर्णिमाला रोज वाटायचं, की कुठल्यातरी नर्सच्या हातात सुई आहे आणि आपण टाईप न केलेली ती ओळ तिथं नाही.

तिचा नवरा योगेश हॉलमध्ये कोचावर पेपर वाचत होता. पूर्णिमा बाळाला झबलं घालताघालता हळूच म्हणाली, "योगेश, आईंना सांग ना."

"काय सांगू?"

"प्लग लावू द्या म्हणून."

योगेशनं पेपर थोडा खाली केला, माळेकडे पाहिलं, आईच्या पाठीकडे पाहिलं आणि पेपर पुन्हा वर केला. "बारसं झालं की लावता येतो, असा नियम आहे. अण्णांना म्हण, लवकर उरकू या."

तर बारसं. या घरात बारसं माणसांचं एकदा होई आणि वस्तूंचं दरवर्षी.

त्याची सुरुवात चौऱ्याहत्तर सालच्या कुकरपासून झाली होती. अंबेजोगाई सोडून योगेशचे वडील उत्तरेश्वर, म्हणजे अण्णा, पुण्यात संस्कृतचे मास्तर म्हणून लागले, आणि दोन खोल्यांच्या त्या बिऱ्हाडात पहिला कुकर आला. त्याची शिटी ऐकून सुशीलाबाई अंगणात पळाल्या त्या परत यायलाच तयार नव्हत्या. अण्णा म्हणाले, ज्याला नाव नाही त्याची भीती वाटते. मग त्यांनी कुकरचं नाव ठेवलं बाष्पस्थाली. बाष्प म्हणजे वाफ, स्थाली म्हणजे पातेलं. सुशीलाबाई म्हणाल्या, "एवढंच ना? वाफेचं पातेलं!" आणि आत जाऊन त्यांनी वरणभात लावला.

तेव्हापासून वर्षभरात घरात जे नवं येई त्याला दसऱ्याला नाव मिळे. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर अण्णा ते शाईनं लिहीत आणि खळीनं वस्तूवर चिकटवत. फ्रीजवर शीतकपाटिका, साबणाच्या डबीवर फेनक, टूथपेस्टच्या पेल्यावर दन्तफेन, विजेरीवर करदीप. नावाखाली बारीक अक्षरात राखणदाराचं नाव. राखणदाराला विचारल्याशिवाय त्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही, हा या घरातला सगळ्यांत कडक कायदा.

आणि कुठलंही नाव परीक्षेशिवाय पास होत नसे. परीक्षक सुशीलाबाई. त्या चौथी शिकलेल्या. अण्णा नुसता शब्द उच्चारत, अर्थ सांगत नसत, आणि सुशीलाबाईंनी जाऊन बरोबर त्या वस्तूला बोट लावायचं. लावलं तर शब्द पास. "जो शब्द ऐकून तुझ्या सासूला वस्तू सापडत नाही," अण्णा पूर्णिमाला सांगत, "तो पंडिताच्या कामाचा. घराच्या नाही." एका वर्षी इस्त्रीसाठी त्यांनी समीकर काढला होता. सम करणारा तो समीकर. सुशीलाबाई उठल्या आणि त्यांनी लाटण्याला बोट लावलं. अण्णांना ती हार मुकाट पत्करावी लागली आणि त्या वर्षी इस्त्री वस्त्रसमीकर झाली. लाटण्याला मात्र फुकटात बढती मिळाली.

पूर्णिमाच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. घरात एकूण चाळीसेक चिठ्ठ्या होत्या. अकरा सुशीलाबाईंच्या, स्कूटर आणि टेपरेकॉर्डर योगेशचे, उरलेल्या बहुतेक अण्णांच्या. पूर्णिमाच्या नावाची एकही नव्हती. हे तिनं मोजलं होतं, पण कुणाला सांगितलं नव्हतं.

दहाला खाली जीप वाजली. नम्रताताई, योगेशची थोरली बहीण, आणि मागोमाग तिच्या सासूबाई सोजरबाई जिना चढत आल्या. नम्रतानं आंबेगावच्या रविराजशी लग्न ठरवलं तेव्हा याच खोलीत काय रामायण झालं होतं ते आता कुणी काढत नसे. उलट सोजरबाई आल्याशिवाय अण्णांना दसरा दसरा वाटत नसे. त्यांच्या कांद्याच्या वावरावर आता चार मजली इमारत उभी होती. तरी मागं उरलेल्या दहा गुंठ्यांत त्या रोज सकाळी जातच.

"काय वो मास्तर, औंदा कुनाकुनाचं बारसं?" सोजरबाईंनी पाटावर बसतानाच विचारलं.

"या, विहीणबाई. तीन अपत्यं आहेत. आईबाप हयात, नावाची तेवढी वाट."

अण्णांनी पुण्यात पंचवीस वर्षं राहून पुण्याकडून एकच गोष्ट उचलली होती, ती म्हणजे तिरकं बोलणं.

नम्रतानं संगणकाकडे पाहून हात जोडले. "अगं बाई, हा तर गणपतीसारखा बसलाय! आई, तुझं काम ना हे?"

"मग कोणाचं?" सुशीलाबाई खुलल्या. "तेवढंच त्याला एक दिवस बरं. रोज सकाळी टकटक टकटक. लेकरू रडतं तरी हिला भान नसतं."

हे पूर्णिमाला सरळ छातीत लागलं. कारण ते खरं नव्हतं. शुभंकरचं रडणं सोडाच, त्याचा श्वाससुद्धा तिला ऐकू यायचा. दहा महिन्यांत तो एकदा नीट रात्रभर झोपला होता आणि त्या रात्री तीच तासातासानं उठून त्याच्या नाकापाशी बोट धरून बसली होती.

पण ती एवढंच म्हणाली, "अण्णा, सुरू करू या का? साडेदहा होत आले."

"घाई कसली आहे? आपट्याची पानं पळून जाणार आहेत का?"

"माझी फाईल पळून जाईल, अण्णा."

अण्णांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि शाईची दौत पुढं ओढली.

पहिलं बारसं योगेशच्या मोबाईलचं. कंपनीनं दिलेला, विटेएवढा, मोबाईल ताम्हनात मांडला होता. सुशीलाबाई परीक्षेला उभ्या राहिल्या.

"चलवाणी," अण्णा म्हणाले.

सुशीलाबाईंनी क्षणभर विचार केला. मग त्या ठामपणे चालत गेल्या आणि त्यांनी नम्रताच्या खांद्याला बोट लावलं.

"चालता चालता बोलणारी. हीच की!"

सोजरबाई अशा हसल्या की त्यांना पदर तोंडात कोंबावा लागला. "बराबर वळखलं! जिना चढत हुती तवापास्नं बोलतीया."

"सासूबाई, तुम्हीसुद्धा?" नम्रता ओरडली.

"सजीव वगळून," अण्णा कोरड्या आवाजात म्हणाले. सुशीलाबाईंनी मग मोबाईलला बोट लावलं, शब्द पास झाला, योगेशनं टाळ्या वाजवल्या आणि शुभंकरनंही वाजवल्या. घड्याळात पावणेअकरा.

दुसरं बारसं संगणकाचं. त्यावर अण्णा जरा खट्टू होते, कारण तो शब्द दुसऱ्याच कुणीतरी आधी करून ठेवलेला. "संगणक. आयता जावई," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहिली. राखणदाराच्या जागी मात्र त्यांचा टाक अडखळला. मग ते म्हणाले, "हे नंतर बघू," आणि चिठ्ठी वाळत ठेवली.

पूर्णिमानं ते पाहिलं. ती सगळंच पाहायची.

तिसरं हेडफोनचं. अण्णांनी घसा साफ केला. हा शब्द त्यांना मनापासून आवडलेला दिसत होता.

"कर्णपिधान."

सुशीलाबाई पुटपुटल्या, "कर्ण म्हणजे कान. पिधान… ते आपोशनात म्हणतात ते? अमृतापिधानमसि?"

"मी काही सांगणार नाही."

"जेवण झाल्यावर म्हणतात. वरचं झाकण." त्यांचा चेहरा उजळला. त्या झपझप गेल्या आणि हेडफोनला बोट लावलं. "कानाचं झाकण!"

"शाब्बास," अण्णा भारावून म्हणाले. "एका झटक्यात."

"झाकणच ते," सुशीलाबाई वळून म्हणाल्या. "किती हाका मारा. मंगळवारी विचारायला गेले, की मूग सालीचे भिजवू का बिनसालीचे, तर दोनदा विचारावं लागलं."

मंगळवार. मूग. ती ओळ.

"आई, मी दोन्ही कान कधी झाकतच नाही," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "एकच वाटी लावते. दुसरा कान उघडा ठेवते, शुभंकरसाठी. दोन महिने मी एका कानानं काम करतेय."

खोलीत सगळे तिच्याकडे बघायला लागले. आता थांबणं शक्य नव्हतं.

"आणि तुम्ही मुगाचं विचारलंत ना, तेव्हा मी उत्तर दिलं, आणि एक ओळ सुटली माझ्याकडून. त्या माणसाला एक औषध चालत नाही, ती ओळ. आज एकच्या आत फाईल गेली नाही, किंवा पुन्हा तसं काही झालं, तर सोमवारपासून माझं काम बंद आहे."

"म्हणजे माझ्यामुळे?" सुशीलाबाईंचा आवाज कापरा झाला. "मी घरात मूग विचारायचे नाहीत?"

"तसं नाही म्हणाले मी."

"तसंच म्हणालीस."

"आई बरोबर बोलतेय," नम्रता मध्ये पडली. "पूर्णिमा, मीपण बी.कॉम. आहे. दोन मुलं वाढवली. घरी बसून असलं काही करायचं म्हणजे घर नाराज, मूल नाराज आणि तूही नाराज. सोडून दे ना. पुढं बघता येईल."

"संध्याकाळी पाठवली तर नाही चालणार का?" योगेशनं सगळ्यांना बरं वाटेल अशा आवाजात विचारलं, आणि कुणालाच बरं वाटलं नाही.

"योगेश, तुझ्या ऑफिसात आई मूग विचारायला येते का?" पूर्णिमा म्हणाली.

"अगं, ते ऑफिस आहे."

सोजरबाई इतका वेळ आपट्याचं पान बोटात फिरवत होत्या. त्या म्हणाल्या, "मी येक इचारू? मी वावरात जाते तवा कुनी म्हनतं का, सोजर घरी बसून हाय? पोरं बांधावर झोळीत टाकून खुरपलंय म्या. त्यावक्ताला कुनी हाक मारली तर वरच बघायची न्हाई. खुरपं हातावर येतं. हिच्याबी हातात खुरपंच हाय की. दिसत न्हाई एवढंच."

नम्रतानं सासूकडे आ वासून पाहिलं. आपल्या पक्षाची सेना अशी ऐन वेळी पलीकडे गेलेली तिला नवीनच होती.

"दिसत नाही हीच अडचण आहे," अण्णा हळूच म्हणाले.

त्यांच्या तोंडून हे निघालं आणि पूर्णिमाला, का कोण जाणे, पुढचं वाक्य आपोआप सुचलं.

"अण्णा, मग चौथं एक बारसं कराल?"

"कशाचं? वस्तू कुठं आहे?"

"वस्तू नाही. सकाळी नऊ ते एक. त्या चार तासांना नाव द्या. या घरात ज्याला नाव असतं त्याला कुणी विचारल्याशिवाय हात लावत नाही. मला चिठ्ठी हवी आहे. दारावर लावायला."

अण्णांनी टाक खाली ठेवला. मग त्यांचे डोळे बारीक झाले. पंचवीस वर्षांत त्यांच्याकडे कुणी आपणहून शब्द मागायला आलं नव्हतं. ते आपले वाटत असत आणि बाकीचे आपले हसून घेत असत.

"नियम एकच," ते म्हणाले. "परीक्षा द्यावी लागेल. आणि परीक्षक बदलणार नाही."

पूर्णिमानं सासूबाईंकडे पाहिलं. सुशीलाबाई पाठ फिरवून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. त्यांनी नुसतं "मला नाही कळत" म्हटलं की संपलं. आणि आत्ता त्या तेच म्हणणार, हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

अकरा वाजायला पाच मिनिटं कमी होती.

"निजवेला," अण्णा म्हणाले.

सुशीलाबाई न वळता पाळण्यापाशी गेल्या आणि पाळण्याला बोट लावलं. "निजायची वेळ."

योगेशला हसू आवरेना. अण्णांनी कपाळाला हात लावला. "निज म्हणजे स्वतःचं हो! पण नापास. चूक माझी. थांबा."

ते डोळे मिटून बसले. पंखा फिरत होता. स्वयंपाकघरातून वेलचीचा वास येत होता. शुभंकर पूर्णिमाच्या मांडीवर तिच्या मंगळसूत्राची वाटी चोखत होता आणि ती, एवढ्यातही, ती वाटी त्याच्या घशात तर जाणार नाही ना, हे बघत होती.

"स्ववेला," अण्णा म्हणाले.

सुशीलाबाई वळल्या. "स्व म्हणजे?"

"सांगत नसतो."

"स्वयंपाकातला स्व नाही. स्वतःचा." त्यांनी ते स्वतःशीच म्हटलं. "वेला म्हणजे वेळ. स्वतःची वेळ."

आणि त्या निघाल्या. पाळण्यापाशी थांबल्या नाहीत. फ्रीजपाशी गेल्या, हात उचलला आणि खाली घेतला. ओट्याकडे गेल्या. देवघराच्या दाराशी उभ्या राहिल्या. देवांची आंघोळ साडेसहाला, अण्णांचा चहा सातला, मग डबा, मग दळण. पूर्णिमाला त्यांची पाठ दिसत होती आणि त्या एकेका वस्तूपाशी काय आठवत असतील तेही जवळजवळ ऐकू येत होतं. हॉलमध्ये परत येऊन सुशीलाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बराच वेळ.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही वस्तू आपल्या घरात नाही."

"नीट बघ."

"बघितलं की. पंचवीस वर्षं हेच घर बघतेय. नाही." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. डबा उघडावा आणि साखर संपलेली दिसावी तसा आवाज होता. "शब्द कळला मला. शब्द चांगलाय. पण बोट कशाला लावू?"

नम्रता आईकडे बघत राहिली. मग तिनं एकदम विचारलं, "आई, तू दुपारी तरी पडतेस ना थोडी?"

"पडते की. एक कान उघडा ठेवून."

पूर्णिमाच्या डोळ्यांत झरकन पाणी आलं. तिनं शुभंकरला छातीशी धरलं आणि म्हणाली, "आई, मला तुमच्यावर ढकलायचं नाहीये. मला फक्त… तुम्ही त्याला घेतलंत, तर मी दोन्ही कान झाकू शकेन. दुसऱ्या कुणाच्या हातात तो असेल तर मला जमणार नाही. खरंच नाही जमणार."

सुशीलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. परीक्षक म्हणून नव्हे. बऱ्याच दिवसांनी कुणी आपल्याला काहीतरी मोठं देऊ करावं, तसं.

"नसलेली वस्तू घरात आणायची तर बाजारातून काय एकच आणतात?" त्या म्हणाल्या. "मास्तर, दोन लिहा."

त्या नवऱ्याला मास्तर म्हणाल्या की अण्णा सावरून बसत. "दोन?"

"एक हिची. नऊ ते एक. एक माझी. चार ते सहा."

"चारला? चारला माझा चहा असतो."

"असतो ना. पातेलं खालच्या फळीवर आहे."

सोजरबाईंनी मांडीवर थाप मारली. "आता कसं बोललात, इहिनबाई!"

"आणि चार ते सहा शुभंकर?" योगेशनं घाबरत विचारलं.

"चार ते सहा मी मोकळी असते रोज," पूर्णिमा म्हणाली. "आणि सुट्टीच्या दिवशी तू असतोस."

"मी असतो," योगेश म्हणाला. हे त्याला आत्ताच कळल्यासारखं वाटलं.

अण्णांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. अक्षर नेहमीपेक्षा मोठं काढलं. पहिलीच्या खाली राखणदार म्हणून पूर्णिमा लिहिलं, दुसरीच्या खाली सुशीला. बाई वगैरे काही लावलं नाही. मग वाळत ठेवलेली संगणकाची चिठ्ठी ओढून तिच्यावरही, जणू विसरलंच होतं अशा थाटात, पूर्णिमाचं नाव घातलं.

"परीक्षा पास झाली का पण?" नम्रतानं विचारलं. "आईनं बोट कुठं लावलं?"

"लावते की," सुशीलाबाई म्हणाल्या. त्यांनी घड्याळाच्या काचेवर नऊला बोट ठेवलं, ते सावकाश फिरवत एकपर्यंत नेलं, मग उचलून चारवर ठेवलं आणि सहापर्यंत नेलं. काचेवर हळदीचे दोन बाक उमटले. "दिसलं?"

"दिसलं," अण्णा म्हणाले. "पास."

सुशीलाबाईंनी स्वतःच माळ काढली, प्लग लावला आणि शुभंकरला उचलून घेतलं. "हो आत. अकरा वाजून गेले. नम्रता, श्रीखंडाचं तू बघ. आणि पूर्णिमा…"

"हो, आई?"

"झाकण दोन्ही कानांना लाव."

तिनं लावलं. पहिली पाच मिनिटं तिला काहीच टाईप करता आलं नाही. एवढी शांतता तिनं दहा महिन्यांत ऐकली नव्हती आणि ती भयंकर होती. तीनदा तिनं वाटी उचलून कानोसा घेतला. तिसऱ्यांदा बाहेरून सुशीलाबाईंचा आवाज आला, कुणालातरी दटावणारा, "तिला हाक मारू नका, स्ववेला चाललीय तिची," आणि त्याबरोबर शुभंकरचं खिदळणं. मग मात्र ती त्या परक्या बाईच्या गुडघ्यात शिरली. डॉक्टर भराभर बोलत होता, पण आता तो दोन्ही बाजूंनी बोलत होता. त्याचा प्रत्येक शब्द खोलीच्या मधोमध येऊन उभा राहत होता. डावा गुडघा. दोन वर्षांपासून दुखतो. जिना उतरताना जास्त. ॲस्पिरिन चालत नाही. ती ओळ तिनं दोनदा ऐकली.

एकला सात मिनिटं कमी असताना फाईल गेली. अर्ध्या तासानं, पानात पहिली पुरी पडते तोच, फोन वाजला. पूर्णिमानं उभ्यानंच घेतला. नीरजा मॅडम नेहमीइतक्याच शांत होत्या. "तिन्ही स्वच्छ आहेत. सोमवारी चार पाठवू का?"

"पाठवा," पूर्णिमा म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून नम्रतानं न विचारताच तिच्या पानात श्रीखंडाचा आणखी एक डाव वाढला.

चारला सुशीलाबाईंनी निळ्या काठाची साडी नेसली. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात पातेलं हातात धरून उभे होते.

"कुठं निघालीस?"

"सांगितलंच पाहिजे का? चिठ्ठीवर तसं काही आहे?"

"नाही," अण्णांनी प्रामाणिकपणे कबूल केलं.

"मग झालं तर."

त्यांनी चपला घातल्या आणि त्या जिना उतरून गेल्या. पूर्णिमा शुभंकरला कडेवर घेऊन गॅलरीत आली. त्यांच्याजवळ सुटे पैसे असतील का, रस्ता ओलांडताना त्या दोन्हीकडे बघतील का, हे तिच्या मनात येऊन गेलंच. खाली सुशीलाबाई फाटकापाशी पोचल्या आणि थांबल्या. उजवीकडे भाजीबाजार, तिकडे त्या रोजच जायच्या. त्यांनी उजवीकडे पाहिलं. मग डावीकडे पाहिलं, जिकडे त्यांचं आजवर काही काम पडलं नव्हतं. पिशवी नसलेला हात काय करायचा ते न कळून त्यांनी तो एकदा पदराखाली घेतला, एकदा बाहेर काढला.

"आईऽ," योगेशनं आतून हाक मारायला तोंड उघडलं, "साखर कुठल्या डब्यात…"

पूर्णिमानं मागं न बघता हात वर करून त्याला गप्प केलं.

सुशीलाबाई डावीकडे वळल्या.